साहेब, धाडी मोजू नका, बंद झालेले अड्डे मोजा

प्रति,
राज्यातल्या ग्रामीण पोलीस ठाण्यांचे सर्व प्रभारी अधिकारी आणि बीट अंमलदार यांस

विषय : गावातली चोरटी दारूविक्री आणि तुमची महिन्याची आकडेवारी

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या पानावर दर महिन्याला एक बातमी ठरलेली असते. ‘अवैध दारूविक्रीवर पोलिसांची धडक कारवाई.’ खाली किती ठिकाणी छापे, किती लिटर कच्चे रसायन नष्ट, किती रुपयांचा मुद्देमाल जप्त, आणि फोटोत टेबलावर मांडलेल्या बाटल्यांमागे उभे असलेले तुमचे चार-पाच कर्मचारी. आम्ही बायका ही बातमी लक्ष देऊन वाचतो. तीत आपल्या गावाचं नाव शोधतो. सापडलं की एकमेकींकडे बघून हसतो, कारण पेपर गावात पोचतो त्या सकाळी तो अड्डा उघडलेला असतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मराठवाड्यातल्या एका ऊसतोड मजुरांच्या गावात राहते आणि गावातल्या बचत गटांच्या बायकांबरोबर दारूच्या प्रश्नावर काम करते. गावाचं आणि ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं तर एका साहेबांची बदली होईल आणि बाकीच्यांना वाटेल की विषय आपला नव्हताच. दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल.

आमच्या नोकरीत साहेब तपासणीला आले की हजेरीपत्रक बघायचे, पण त्यावर थांबायचे नाहीत. एखाद्या पोराला उभं करून धडा वाचायला लावायचे. त्याला वाचता आलं नाही, तर पटावरच्या सगळ्या टिकल्या फुकट. तुमच्या कामाची तपासणी मात्र अजून हजेरीपत्रकावरच चाललीय असं दिसतं. किती छापे टाकले हे वरच्यांना कळवलं जातं. ज्या जागेवर छापा टाकला तिथे महिनाभराने काय चाललंय, हा रकाना त्या तक्त्यात असेल तर तो भरलेला आम्ही कधी ऐकला नाही. हे पत्र त्या रकान्यासाठी आहे.

आमच्याकडे धाड कशी पडते ते सांगते. तुमची गाडी फाट्यावरून वळायच्या आत अड्ड्यावर फोन आलेला असतो. कोण करतं हे मला माहीत नाही, आणि माहीत नसताना कुणावर बोट ठेवणार नाही. पण दुकानाबाहेर बसलेली माणसं एकाएकी उठून पांगायला लागली की पाच-दहा मिनिटांत गाडी दिसते, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही कळतं. माल तोवर कडब्याच्या गंजीत किंवा शेजारच्या पडक्या वाड्यात गेलेला असतो. तरी जप्ती होते, कारण महिन्याच्या आकड्याला एक केस लागतेच आणि अड्डेवाला ती आपण होऊन देतो. ‘केस दिली’ असंच गावात म्हणतात. एक पिशवी, तीत दहा-पंधरा बाटल्या, आणि पुढे करायला एक माणूस. हा माणूस कधी दिवसाच्या मजुरीवर ठेवलेला पोऱ्या असतो, कधी अड्डेवाल्याची सत्तरीतली आई. म्हातारीला पुढे करण्यात हिशोब आहे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर सहसा अटक करता येत नाही, आणि कोर्टात तिच्या पांढऱ्या केसांकडे बघून दंडावर भागतं. वर्षानुवर्षं धंदा करणाऱ्या खऱ्या मालकाच्या नावावर मात्र एकही गुन्हा नसतो. त्याला ठाण्यातून चारित्र्याचा कोरा करकरीत दाखला मिळतो आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तो पॅनेल उभं करतो.

यावर तुमच्यातले काहीजण म्हणतील, बाई, आम्ही पकडतो आणि कायदा सोडतो. ते अगदीच खोटं नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ च्या कलम ६५ (ई) खाली तुम्ही गुन्हा नोंदवता. त्याची शिक्षा सात वर्षांहून कमी, त्यामुळे सरसकट अटक करायची नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार खटल्यात बजावलं आणि आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही नोटिशीचीच वाट आहे. नोटीस घेऊन माणूस संध्याकाळी घरी. गावाला वाटतं पोलिसांनी पैसे खाऊन सोडला. दर वेळी तसं नसतं, हे मी बायकांना सांगत असते.

पण कायदा कलम ६५ वर संपत नाही, आणि माझी खरी तक्रार इथून सुरू होते. त्याच दारूबंदी अधिनियमात कलम ९३ आहे. सराईत विक्रेत्याकडून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायचं, जामीनदारांसह. प्रस्ताव तुम्ही पाठवायचा, आदेश कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी काढायचा. बंधपत्र दिल्यानंतर तोच माणूस पुन्हा सापडला, तर रक्कम जप्त करायची. त्याने ऐकलं नाही तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ ची कलमं ५५, ५६, ५७ आहेत, म्हणजे तडीपारी, दोन वर्षांपर्यंत. आणि त्याहूनही निर्ढावलेला असेल तर १९८१ चा एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यांना आळा घालणारा कायदा, ज्याच्या लांबलचक नावातच झोपडपट्टीदारांच्या शेजारी ‘हातभट्टीवाले’ बसवलेले आहेत. त्याखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करू शकतात. एका पाठोपाठ एक अशा या पायऱ्या कायदा करणाऱ्यांनी विचार करून ठेवल्या आहेत. तुमची बहुतेक ठाणी पहिल्या पायरीवरच बसून राहतात.

का बसतात याचा मी बराच विचार केला. पुढची पायरी चढायला कागद लागतात आणि ते कागद पहिल्या पायरीवर तयार व्हावे लागतात. दर वेळी आरोपी वेगळा दाखवला की ‘सराईत’ कुणीच ठरत नाही. म्हातारी एकदा, पोऱ्या एकदा, भाचा एकदा. कलम ९३ चा प्रस्ताव करणार कुणावर? ‘केस देणं’ म्हणजे केवळ लाचेचा किंवा आळसाचा प्रकार समजू नका. मालकाला पुढच्या सगळ्या कलमांपासून वाचवायची ती पद्धत आहे आणि तिच्यावर दर महिन्याला तुमच्या ठाण्याचा शिक्का बसतो. स्थानबद्धतेचे आदेशही उच्च न्यायालयात रद्द होतात ते बहुधा अशाच कच्च्या कागदांपायी. जप्त दारूचा प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला नसतो, आरोपीला वाचता येईल अशा भाषेत कागद दिलेले नसतात, घटना आणि आदेश यांच्यात महिनेच्या महिने गेलेले असतात.

पंच फितूर होतात, ही दुसरी सबब. पूर्वी ती मान्य करावी लागे. गावातला पंच, त्याच गल्लीत राहणारा, कोर्टात उभा राहून ‘माझी सही कोऱ्या कागदावर घेतली’ म्हणायचा. पण १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केलं आहे. खिशातल्या मोबाइलने ते होतं. त्या चित्रीकरणात घर कुणाचं, गल्ल्यावर कोण बसलं होतं, भिंतीवर वीजबिल कुणाच्या नावाचं अडकवलंय हे सगळं येऊ द्या. मग म्हातारी आरोपी कशी झाली हे न्यायाधीशांनाही दिसेल.

आता माल येतो कुठून ते बघू. आमच्याकडे हातभट्टी फारशी नाही, सीलबंद देशी आहे. ती ढगातून पडत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या परवानाधारक दुकानातून पेट्याच्या पेट्या निघतात, दोन मोटारसायकलींवर पोत्यात बांधून भल्या सकाळी गावोगाव पोचतात. १८० मिलीच्या ४८ बाटल्यांची एक पेटी. गावात ती छापील किमतीवर वीस-तीस रुपये चढवून जाते, आणि ड्राय डेला भाव विचारूच नका. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा देशीचा परवाना दोन रुपयांचा, देशी पिणाऱ्याचं वय २५ पूर्ण हवं, हे गावात कुणाला सांगितलं तर विनोद सांगितला असं वाटतं. ठीक आहे, परवान्याचं राहू द्या. पण एकाच माणसाला रोज पेट्या विकणारं दुकान कोणत्या नियमात बसतं?

जप्त केलेल्या प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर असतो, उत्पादनाचा महिना असतो. कोणत्या बॅचचा माल कोणत्या ठोक विक्रेत्याकडे आणि तिथून कोणत्या दुकानांकडे गेला, याच्या नोंदी उत्पादन शुल्क खात्याच्या कक्षेत असतात. ते खातंही मंत्रालयात गृह विभागाच्याच छताखाली आहे, परदेशात नाही. पंचनाम्यात ‘देशी दारू, किंमत अंदाजे अमुक’ एवढंच न लिहिता बॅच नंबर उतरवून घ्या आणि त्या खात्याला पत्र पाठवा. चार गावांतल्या चार जप्त्यांचे नंबर एकाच दुकानाकडे बोट दाखवू लागले, तर परवाना निलंबनाचा प्रस्ताव आपोआप उभा राहील. आमच्या गावातला विक्रेता उद्या तुरुंगात गेला, तर परवा दुसरा उभा राहतो. दुकानाचं शटर खाली आलं, तर वीस गावांतली पोती थांबतात. हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं असं नाही.

जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरचा कर वाढवला. देशीची १८० मिलीची किमान किंमत ८० रुपये, नव्याने आणलेल्या महाराष्ट्र मेड लिकरची १४८, विदेशीची २०५. तिजोरीचं गणित मला कळतं, आमचे पगारही त्याच तिजोरीतून झाले. पण दर वाढला की चोरट्या मालाचा नफाही वाढतो. कोकणात बांद्याकडून, आंबोलीच्या घाटाने गोवा बनावटीची दारू वर चढते ती याच फरकापोटी. आणि ज्या मजुराला ऐंशीही परवडत नाहीत, तो हातभट्टीकडे किंवा त्याहून वाईट गोष्टीकडे वळतो.

त्या वाईट गोष्टीबद्दल, म्हणजे विषारी दारूबद्दल, थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे पोलिसाचं काम थेट जीव वाचवण्याचं आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत असंच झालं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलला जिल्हा परिषद निवडणुकीच्या जेवणावळीत दारू पिऊन माणसं गेली, आणि ती बनावट दारू चक्क जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये बनल्याचं तपासात निघालं. गुळाच्या रसायनातून गाळलेल्या दारूने एका रात्रीत शंभर माणसं मरत नाहीत. मरतात ती कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. ते स्वस्त मिळतं, चढतंही, आणि शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. ते आधी डोळ्यांच्या नसा खातं. त्रास लगेच होत नाही, बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो, कधी त्याहून उशिरा. पोट दुखतं, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुकं येतं.

म्हणजे पहिला माणूस मेला त्या वेळी बाकीचे घरीच असतात, आणि वेळेत दवाखान्यात पोचले तर डायलिसिस आणि औषधांनी वाचू शकतात. पण पहिल्या माणसाचं गावात काय होतं? ‘पिऊन पिऊन मेला’ म्हणून दुपारच्या आत जाळतात. पोलीस पाटलाने ठाण्याला कळवलं, तुम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली, शवविच्छेदनाचा आग्रह धरला आणि त्याच दिवशी गावात दवंडी दिली, की काल अमुक अड्ड्यावर पिलेल्या सगळ्यांनी दवाखान्यात चला, गुन्हा दाखल होणार नाही, तर कित्येक घरं वाचतील. ‘गुन्हा दाखल होणार नाही’ हे वाक्य सोडू नका. ते नसेल तर माणूस घरात लपून आंधळा होईल पण बाहेर येणार नाही.

मालवणीनंतर ठाण्यातले आणि उत्पादन शुल्क खात्यातले लोक निलंबित झाले. खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला : चौघे दोषी, दहा निर्दोष. नऊ वर्षं. शंभर मृतांच्या प्रकरणाला जिथे इतका वेळ लागतो आणि एवढंच हाती येतं, तिथे नंतरच्या तपासापेक्षा आधीच्या खबरीची किंमत किती मोठी आहे ते मोजून बघा.

एक गोष्ट लिहायला जड जाते, कारण आमच्या बैठकीतही तिच्यावर वाद होतो. धाडी सोप्या जागी पडतात. पारध्यांचं पाल, कंजारभाटांची वस्ती, बंजाऱ्यांचा तांडा. पिंप फोडायचे, रसायन ओतायचं, झोपडीतली भांडी लाथेने उडवायची, फोटो काढायचा. ज्या समाजांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं आणि जे १९५२ साली त्या शिक्क्यातून सुटले, त्यांच्या दारात तुमची गाडी अजून सवयीने वळते. परवानाधारक दुकानाच्या मागच्या दाराकडे ती वळत नाही. आमच्यातल्या काही बायका म्हणतात, ते गाळतात म्हणून आमचे नवरे पितात. खरं आहे. पण पिंप फोडून त्या बाईची चूल बंद झाली की ती आठवड्यात नवं पिंप आणते, कारण तिच्याकडे दुसरं काही नाही.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये हे वेगळ्या रीतीने करून दाखवलं. तेजस्वी सातपुते तिथे अधीक्षक असताना ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू झालं. हातभट्टीची गावं आणि तांडे एकेका अधिकाऱ्याने दत्तक घेतले. धाड टाकणारा तोच आणि घरोघर जाऊन समजूत काढणारा, कुणाला कुठल्या योजनेत किंवा कामावर लावता येईल ते बघणाराही तोच. मुळेगाव तांड्यासारखी जागा, जिचं नाव हातभट्टीसाठीच घेतलं जायचं, ती त्यामुळे बातम्यांत वेगळ्या कारणाने आली. मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी की गावाला एका अधिकाऱ्याचं नाव चिकटलं. तिथे परत दारू निघाली तर उत्तर कुणी द्यायचं हे ठरलेलं होतं. अधिकारी बदलला की असे उपक्रम थंडावतात, हा आपल्या राज्याचा जुना रोग. तो टाळायला उपक्रमाला नाव कमी दिलं आणि ठाण्याच्या कामाच्या यादीत कायमची जागा दिली तरी चालेल.

बायकांनी आपल्या वाट्याचं केलं नाही असं कुणी म्हणू नये. परवान्याचं दुकान बंद करायला आम्हाला काय करावं लागतं ते ठाऊक आहे ना? २५ टक्के महिला मतदारांचा सह्यांचा अर्ज, त्या सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच बंदी. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हेत, यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्या. कारखान्यावर गेलेल्या, माहेरी बाळंतपणाला गेलेल्या, नुकत्याच वारलेल्या, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्या जातात. एवढं कठीण गणित आमदारकीच्या निवडणुकीला लावलं तर किती जण निवडून येतील? तरीही गावोगावच्या बायकांनी ते जिंकलं आहे. आणि जिंकल्यानंतर तीच दारू पोत्यातून गावात येते. त्या पोत्याशी लढायला आमच्याकडे मतपत्रिका नाही. ते काम तुमचं.

वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरच्या बायकांनी वर्षानुवर्षं आंदोलन करून, चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर पायी चालत जाऊन २०१५ मध्ये ती मिळवली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. कारण सांगितलं की चोरटी दारू आणि गुन्हे वाढले. बंदी असावी की नसावी यावर शहाणी माणसंही दोन बाजूंना आहेत आणि मला इथे तो वाद घालायचा नाही. पण त्या कारणाचा अर्थ सरळ आहे : चोरटी दारू थांबवणं ज्यांचं काम होतं त्यांना ते जमलं नाही, म्हणून ज्यांनी मागणी केली त्या बायका हरल्या. तुमच्या खात्याला हे लागायला हवं होतं. लागलं असेल तर आमच्यापर्यंत पोचलं नाही.

शाळेत असताना सहावीतल्या एका मुलाचं दप्तर माझ्या हाताला जड लागलं. उघडलं तर पुस्तकांखाली देशीच्या बाटल्या. अड्डेवाल्याने त्याला वाडीवरची गिऱ्हाइकं नेमून दिली होती, कारण शाळेच्या पोराचं दप्तर कुणी तपासत नाही. खाऊला पैसे मिळायचे. त्याच्या आईला बोलावलं तर ती रडली आणि म्हणाली, बाई, ह्याच्या बापाचं उधार फेडतंय ते. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७८ सांगतं की मुलाला दारू वाहायला, विकायला वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७७ मध्ये मुलाला दारू देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. ६५ (ई) च्या मानाने ही कलमं दातांची आहेत. तुम्ही ती लावल्याचं आमच्या भागात तरी ऐकिवात नाही. एका अड्डेवाल्यावर ती एकदा नीट लावून बघा. बाकीचे पोरांना हात लावायला कचरतील.

ऊसतोडीचा हंगाम संपला की एप्रिलच्या सुमाराला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर गावात परततात. हिशोबाचे उरलेसुरले पैसे हातात असतात आणि अड्ड्यांची दिवाळी तेव्हा होते. त्या दिवसांत रात्री घराघरांतून मारहाणीचे आवाज येतात. बाई ११२ ला फोन लावते. गाडी येतेही, हे मान्य करते. पूर्वी यायची नाही. पण आलेले जवान नवऱ्याला दोन फटके देतात, ‘सकाळी ठाण्यात या’ म्हणतात आणि जातात. गाडी गेल्यावर त्या दोन फटक्यांचा हिशोब तिच्याकडून चुकता होतो. सकाळी ती ठाण्यात गेलीच तर अदखलपात्र नोंद करून ‘नवरा-बायकोचं मिटवून घ्या’. दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्यासाठी दारूबंदी कायद्यात कलम ८५ आहे, घरातल्या छळासाठी भारतीय न्याय संहितेचं ८५ आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत. त्या अधिकाऱ्यांचा फोन नंबर ठाण्याच्या भिंतीवर लिहा, त्या बाईला तो वाचून दाखवा. आणि जाताना एवढं विचारा : पिऊन आला कुठून? त्या उत्तराची डायरीत नोंद घ्या. महिन्याभराच्या अशा नोंदी काढल्या तर तुमच्या हद्दीतल्या अड्ड्यांची यादी खबऱ्याशिवाय तयार होईल.

रोज पिणाऱ्याला कोठडीत टाकता तेव्हा एक लक्षात ठेवा. अचानक दारू तुटली की दोन-तीन दिवसांत त्याला कंप सुटतो, भास होतात, फिट येते, जीवही जातो. नाटक करतोय म्हणून त्याला कोपऱ्यात पडू देऊ नका. तो त्या घडीला रुग्ण आहे, त्याला सरकारी दवाखान्यात न्या. यात त्याचा जीव आहे आणि तुमची नोकरीही.

आता गावाचं नाव न लिहिण्याचं ते दुसरं कारण. आमच्यातल्या एकीने ठाण्यात जाऊन खबर दिली. रात्री अड्डेवाला तिच्या दारात उभा होता आणि तिने ठाण्यात जे शब्द वापरले होते तेच तिला ऐकवत होता. पुढे तिच्या शेतातल्या पाइपांचे तुकडे झाले. तेव्हापासून आमच्या गावातून ठाण्यात खबर जात नाही. गावातल्या चोरट्या दारूवर नजर ठेवून खबर देणाऱ्या ग्रामरक्षक दलाची तरतूद २०१६ मध्ये कायद्यात आली, राळेगणच्या अण्णा हजारेंनी ती लावून धरली होती. कागदावर चांगली आहे. ग्रामसभेने सदस्य निवडायचे, प्रांतसाहेबांनी मान्यता द्यायची. पण त्या यादीत नाव घालणं म्हणजे अड्डेवाल्याला आपला पत्ता देणं, असं बायकांना वाटतं तोवर दल उभं राहणार नाही. खबर कुणी फोडली याची चौकशी करून एका तरी माणसावर कारवाई झाल्याचं गावाला दिसू द्या. दलासाठी याहून मोठी जाहिरात लागणार नाही.

तुमची अडचण दिसत नाही असं नाही. एका ठाण्याखाली पन्नास-साठ गावं, निम्मे लोक बंदोबस्तावर, एका बीट अंमलदाराकडे वारंट, समन्स, पासपोर्ट, जत्रा आणि मंत्र्यांचे दौरे. म्हणूनच मी जास्त धाडी मागत नाही. आहेत त्यातल्या निम्म्या कमी करा, चालेल. जी कराल ती खऱ्या मालकावर करा, चित्रीकरण करा, बॅच नंबर लिहा, आणि त्याच माणसाचा पुढचा प्रस्ताव आताच टंकायला घ्या.

येत्या १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आम्ही ‘गावातील अवैध दारूविक्री’ हा विषय लेखी देऊन घ्यायला लावला आहे. तोवर ऊसतोडीची माणसं घरी आलेली असतील, त्यामुळे गणपूर्तीची चिंता नाही. आपल्या बीट अंमलदाराला त्या दिवशी पाठवा, किंवा स्वतः या. येताना एक कागद आणा : गेल्या वर्षभरात आमच्या गावात कोणकोणत्या जागी छापे पडले, आरोपी कोण दाखवला, कलम ९३ चे प्रस्ताव किती गेले आणि त्या जागा आज बंद आहेत की चालू. शेवटचा रकाना भरून आणायची गरज नाही. तो आम्ही ग्रामसभेत सगळ्यांसमोर भरून देऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, आणि गावातल्या बचत गटांच्या बायका